होडीवर दोन माणसं

क्लेम हॅरिगनचा विचार रोवेनाच्या डोक्यातून जाता जात नव्हता. भांडी विसळताना, दोरीवर कपडे टाकताना, गाडीत पेट्रोल भरत उभी असताना तो यायचा आणि बसून राहायचा. तसं पाहिलं तर काहीच झालेलं नव्हतं. म्हातारा आपल्या घरात होता, धुराड्यातून धूर निघत होता. दुकानात येऊन पाव आणि दूध घेऊन गेल्याचं लोकांनी पाहिलं होतं. फक्त त्याची पत्र्याची होडी खाडीकाठच्या सुरूच्या झाडांखाली पालथी पडली होती आणि सकाळी रेडिओवर त्याचा आवाज येत नव्हता.

रेडिओ होता टॅरिन हेड्सच्या बचाव केंद्रात. टेकाडावरची एक खोली, तीन बाजूंनी काचा, खाली खाडी आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, जिथे समुद्र आत घुसू पाहतो आणि ओहोटीचं पाणी बाहेर. पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकाने या खोलीला सांगून जायचं: होडीचं नाव, कुठे निघालो, होडीवर माणसं किती, परत केव्हा. परतल्यावर पुन्हा सांगायचं. जो सांगत नाही त्याला शोधायला निघायचं. सगळं काम गावातले स्वयंसेवक करायचे, आणि आठवड्यातले तीन दिवस रेडिओपाशी रोवेना असायची. तिला स्वतःला पाण्याची भीती. धक्क्यावर बांधलेल्या होडीत पाय टाकला तरी तिच्या पोटात ढवळायचं. मुलगा फ्लिन बचावाच्या होडीवर जायला लागल्यापासून तर ती हवामानाचा अंदाज जेवणाआधी, जेवणानंतर आणि जेवताना ऐकायची. केंद्राची प्रमुख डॉट फेनिमोर तिला चिडवायची, "तुझ्यासारखी रेडिओवाली शोधून सापडायची नाही. प्रत्येक होडी बुडणार असं तुला मनापासून वाटतं, म्हणून तू एकालाही विसरत नाहीस."

क्लेमचा आवाज उजाडता उजाडता यायचा. खरखरीत, घाई नसलेला.

"टॅरिन, टॅरिन, इथे 'नोरीन'. कालवांच्या मांडवांकडे निघालोय. जेवायला परत. होडीवर दोन माणसं."

"ऐकलं, नोरीन. सांभाळून जा रे."

आणि रोवेना समोरच्या संगणकावर 'एक' असा आकडा टाकायची. कारण होडीत क्लेम एकटाच असायचा. हे तिला ठाऊक होतं, डॉटला ठाऊक होतं, केंद्रातल्या सगळ्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. तो दोन म्हणायचा, हे एक लिहायचे. कोणी कोणाला तसं सांगितलेलं नव्हतं.

दुसरं माणूस म्हणजे त्याचा मुलगा, ग्लेन.

क्लेमचा जन्म याच खाडीवरचा. बाप कालवं पिकवायचा. डांबर फासलेल्या काठ्यांचे मांडव उथळ पाण्यात उभे करायचे आणि काठ्यांना कालवं धरली की वर्षांनुवर्षं त्यांची उस्तवार करायची, हा घरचा धंदा. क्लेमच्या बोटांवर शिंपल्यांच्या धारेने झालेल्या इतक्या खुणा होत्या की तो म्हणायचा, "माझ्या बोटांचे ठसे पोलिसांनाही घेता यायचे नाहीत." टपाल कचेरीतल्या नोरीनशी त्याने लग्न केलं, होडीला तिचं नाव दिलं, आणि ग्लेन शाळेत असतानाच ती गेली. मग बापलेक दोघं आणि होडी.

ब्रीम हा मासा त्या मांडवांखाली राहतो. चपटा, चांदीसारखा, आणि विलक्षण संशयी. क्लेम त्याला आयुष्यभर कोळंबी लावून धरत आला होता. एका नाताळात ग्लेन सिडनीहून घरी आला तो खिशातून मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळांचं पाकीट काढतच. बोटाएवढी, लवलवती, मागे बारीक शेपूट.

क्लेम पोट धरून हसला. "हे खेळणं ब्रीमला द्यायचं? ब्रीम आहे ती, तान्हं बाळ नाही."

"उद्या बघू, डॅड."

"उद्या तू उपाशी राहशील आणि मी माझ्यातला अर्धा मासा तुला देईन. बापाचं मन आहे शेवटी."

दुसऱ्या दिवशी अर्धा मासा क्लेमला घ्यावा लागला. दोन दिवस तो पोराशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या टेबलावर येऊन बसला आणि म्हणाला, "दाखव."

आणि मग शिकला तो असा शिकला की काही वर्षांत किनाऱ्यावरची माणसं त्याच्याकडे शिकायला येऊ लागली. पाणी स्वच्छ असेल तर आमिष आरपार दिसेल अशा फिक्या रंगाचं. पाऊस होऊन खाडी चहासारखी झाली की काळपट, म्हणजे खालून बघणाऱ्या माशाला आकार तरी दिसतो. मांडवांच्या सावलीत मोटारीच्या जुन्या तेलाच्या रंगाचं. गळाच्या डोक्याशी शिसं असतं ते मुगाच्या दाण्याहून मोठं नको, कारण ब्रीमला पडणारी वस्तू आवडते, आदळणारी नाही. हाताला उन्हाचं मलम किंवा डासांचं औषध लागलेलं नको. एकाला वास येतो, दुसऱ्याने प्लॅस्टिक विरघळतं. तो आधी चिखलात हात घासायचा आणि मगच डबा उघडायचा.

रोवेनालाही त्याने एकदा आपल्या शेडमध्ये बसवलं होतं. फ्लिनला वाढदिवसाला काहीतरी स्वतः करून द्यावं असं तिच्या मनात आलं होतं.

"आधी गळ आमिषाच्या बाजूला धर. बाक कुठे येतो ते बघ. तिथे नखाने खूण कर. आता नाकातून, बरोब्बर मधून, आत घे. ढकलू नकोस. उशीला अभ्रा चढवतेस ना, तसं आमिष गळावर चढव. खुणेशी बाहेर काढ. धर उजेडाकडे."

रोवेनाने धरलं. आमिषाला पोक आलेला होता.

"छान," क्लेम म्हणाला. "कंबर धरलेलं गांडूळ. ब्रीम याला खाणार नाही, डॉक्टरकडे घेऊन जाईल."

"एवढ्याशा वाकडेपणाने काय होतंय?"

"वाकडं असलं की पाण्यात गिरकी घेतं. खरं गांडूळ गिरकी घेत नाही. ब्रीमला तेवढंच पुरतं. काढ, पुन्हा लाव."

त्याच वेळी तिने ते दुसरं पाकीट पाहिलं होतं. त्याच्या डब्यापासून लांब, फळीवर वेगळ्या बरणीत. ताणली तर हातभर लांब होतील अशी चिवट, लालसर आमिषं. तिने सहज उचलून डब्यात ठेवायला हात पुढे केला तर क्लेमने मनगट धरलं.

"ही जात वेगळी. साध्या प्लॅस्टिकला चिकटून राहिली तर दोन्ही विरघळतात. चार दिवसांत खळ होते. एकत्र नाही ठेवायची, कधीच नाही." आणि मनगट सोडून जरा हळू म्हणाला, "ग्लेनची आहेत ती."

ग्लेनची लावायची तऱ्हा वेगळी होती. तो आमिषाचं डोकं दातांनी नखभर तोडून टाकायचा, मग गळावर चढवायचा. आखूड आमिष, म्हणजे शेपटाशी चाळा करणारा मासा गळाच्या जवळ येतो. क्लेमला ती नासाडी वाटायची. शिवाय ग्लेन गळ टाकून काठी होडीच्या कडेच्या खाचेत उभी करायचा, आमिष तळाशी निपचित पडू द्यायचा आणि चहा प्यायचा. क्लेम सारखा दोरा थरथरवत, थांबत, पुन्हा थरथरवत बसलेला.

"हा आळस आहे," बाप म्हणायचा.

"ही समज आहे, डॅड," पोरगा म्हणायचा, आणि तेवढ्यात खाचेतली काठी वाकायची.

एका सकाळी क्लेमचा गुडघा धरला म्हणून ग्लेन एकटा गेला. जाताना त्याने रेडिओवर काही सांगितलं नाही. एवढ्यासाठी काय सांगायचं, मांडव घरातून दिसतात. दुपारी होडी दांड्याच्या पलीकडे, समुद्रात हेलकावे खाताना सापडली. थर्मासमधला चहा अजून गरम होता. काठी खाचेत उभी होती, दोरा पाण्यात, आणि गळाला एक लहानशी ब्रीम, जिवंत. ग्लेन नव्हता. विमान आलं, शेजारच्या बंदरांतल्या होड्या आल्या. मग एका संध्याकाळी शोध थांबवला. शरीर कधी मिळालंच नाही.

क्लेम पुन्हा पाण्यात जायला लागला त्या सकाळी रेडिओवर डॉट होती. "होडीवर दोन माणसं," असं ऐकू आलं तेव्हा तिने विचारलं, "क्लेम, बरोबर कोण आहे?" पलीकडून नुसती खरखर आली, मग तीही बंद झाली. डॉटने एक लिहिलं. तेव्हापासून ते तसंच चाललं.

धक्क्यावरून लोक बघायचे. होडीत दोन काठ्या. एकीला क्लेमचं आमिष, सरळ, मापात. दुसरीला लालसर, डोकं तोडलेलं. ते तो स्वतःच दातांनी तोडायचा, थुंकायचा आणि तोंड वाकडं करायचा, जणू पोराला अजून सांगतोय की ही नासाडी आहे. थर्मासच्या जोडीला दोन कप. दुसरी काठी खाचेत उभी राहायची आणि खरं सांगायचं तर मोठा मासा बहुतेक तिलाच लागायचा. तिचा मासा क्लेम घरी आणत नसे. पाण्यात धरून, जीव आला की सोडायचा. हे बघून कोणी हसलं नाही. टॅरिन हेड्समध्ये लोक बऱ्याच गोष्टींवर हसतात, पण यावर नाही.

या शरद ऋतूत खाडीच्या वरच्या अंगाला एका जुन्या स्वयंसेवकाची अंत्ययात्रा होती. डॉट, रोवेना आणि केंद्रातली सगळी जुनी माणसं गाड्या करून डोंगरापलीकडे गेली. रेडिओवर बसवला होता ॲलिस्टरला. कॅनबेरातली नोकरी संपवून नुकताच गावात राहायला आलेला, सज्जन, नेमका माणूस. त्याला सगळं शिकवलं होतं. क्लेमचं तेवढं सांगायचं राहून गेलं, कारण ती सांगायची गोष्ट आहे असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. सकाळी क्लेम म्हणाला, दोन. ॲलिस्टरने लिहिलं, दोन.

जेवणाची वेळ टळली, दुपार टळली. 'नोरीन' परतली नाही. इंजिन बंद पडलं होतं, रेडिओची बॅटरी उतरली होती आणि ओहोटीने होडी ओढत नेऊन दांड्याच्या आतल्या वाळूवर टाकली होती. ॲलिस्टरने नियमाप्रमाणे बचावाची होडी काढली. तिच्यावर फ्लिन आणि आणखी दोघं, तिघेही तरुण. त्यांना क्लेम लवकरच सापडला, ओला, गारठलेला, पण धड.

होडीत दोन काठ्या. दोन कप.

"क्लेम, तुझ्याबरोबरचा कुठाय?" फ्लिनने विचारलं. केंद्रातून दोन माणसं म्हणून सांगितलं होतं, आणि म्हातारा अधूनमधून पाहुण्यांना शिकवायला नेतो हे त्याला माहीत होतं.

क्लेम दांड्याकडे बघत होता. म्हणाला, "तो अजून तिकडेच आहे."

डोंगर उतरल्यावर रोवेनाच्या फोनला आवाज फुटला आणि एकामागून एक निरोप येऊन पडले. ती आणि डॉट टेकाडावर पोचल्या तेव्हा उजेड जात होता. खाली धक्क्यावर कांबळं पांघरून क्लेम बसलेला, आणि लांब, फेसाळत्या दांड्यावर बचावाच्या होडीचा झोत पाण्यावरून फिरत होता. इकडून तिकडे, पुन्हा इकडे.

"कोणाला शोधताय?" डॉटने दारातूनच विचारलं.

"दुसऱ्या माणसाला," ॲलिस्टर म्हणाला. "होडीवर दोन होते."

"एकटा होता तो!" रोवेना ओरडली. "तो एकटाच असतो! बोलाव त्यांना! परत बोलाव!"

ॲलिस्टरने माईक उचलला आणि त्याच क्षणी रेडिओत कोणीतरी अर्धं वाक्य बोललं, मग पत्रा आपटल्यासारखा आवाज आला, मग काही नाही. काचेतून दिसणारा झोत आकाशाकडे वळला आणि विझला.

त्यानंतरचा वेळ किती होता हे रोवेनाला नंतरही सांगता आलं नाही. ॲलिस्टर हाका मारत होता. डॉट फोनवर दुसऱ्या बंदराशी बोलत होती. रोवेना काचेला हात लावून उभी होती आणि काच गार होती, एवढंच तिला आठवतं. मग खरखर झाली आणि फ्लिनचाच आवाज आला, दात एकमेकांवर वाजत असल्यासारखा.

"टॅरिन... लाटेने आडवं घेतलं. दिवा गेला. सगळे होडीत आहोत. माझा खांदा निखळलाय बहुतेक. सांगा, पुन्हा जाऊ का? तो माणूस अजून..."

"परत ये," रोवेना म्हणाली. माईक तिच्या हातात कधी आला ते कळलं नाही. "फ्लिन, तिथे कोणी नाहीये रे. परत ये."

दवाखान्यात खांदा बसवला, फ्लिनचा हात गळ्यात आला. तो दुसऱ्या दिवशी मटण पॅटिस खात, सोफ्यावर पसरून थट्टा करत होता. "आई, एका हाताने भांडी घासता येत नाहीत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय." रोवेना हसली नाही. तिचा राग आत धुमसत होता आणि तो फ्लिनवर नव्हता, ॲलिस्टरवरही नव्हता. डॉटने क्लेमला जाऊन सांगितलं होतं: यापुढे आकडा खरा सांगायचा. एक म्हणायचं, नाहीतर पाण्यात जायचं नाही. क्लेमने मान हलवली होती. रोवेनाला तेवढं पुरेसं नव्हतं. ती चार-पाच दिवसांनी त्याच्या दारात जाऊन उभी राहिली, काय काय बोलायचं ते मनात घोकून.

दार उघडंच होतं. क्लेम टेबलाशी बसला होता. समोर त्याचा आमिषांचा डबा.

"तू त्याला सांगू शकला असतास," रोवेना दारातूनच म्हणाली. "एक शब्द, क्लेम! कोणी नाही, एवढंच. माझं पोरगं त्या दांड्यावर..."

तिचं पुढचं वाक्य राहिलं, कारण तिला डबा दिसला. आत आमिषं नव्हती. तेलकट, लालसर तपकिरी गोळा होता. त्यात मधूनमधून एखादं शेपूट बाहेर आलेलं, एखाद्या गळाचं टोक. क्लेम टाचणीने त्यातून काहीतरी सुटं करायला बघत होता आणि जे सुटायचं ते दोऱ्यासारखं ताणलं जाऊन तुटायचं.

अडकलेल्या होडीतून सामान उचलताना फ्लिनने घाईत सगळी आमिषं एकाच डब्यात लोटली होती. क्लेमची साधी आणि ग्लेनची चिवट. त्याने चांगल्याच हेतूने केलं होतं, म्हाताऱ्याचं काही वाळूत राहू नये म्हणून. गारठलेल्या क्लेमने डबा आणून शेडमध्ये ठेवला आणि आज उघडला.

"त्या पाकिटातली उरलेली सगळी होती," क्लेम म्हणाला. "आता ती बनवतच नाहीत. मी पुरवून पुरवून वापरत होतो. मासा तोडून न्यायचा तेव्हाच नवीन." त्याने टाचणी खाली ठेवली. "फ्लिनला सांगू नकोस. त्याला काय माहीत. खांद्याचं बरंय ना?"

रोवेना खुर्चीवर बसली. घोकलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे.

"तू का नाही थांबवलंस त्यांना?" तिने विचारलं, पण आवाज आता तो राहिला नव्हता.

क्लेमने डब्याचं झाकण लावलं. "तेव्हा त्यांनी शोध थांबवला ना, त्या संध्याकाळी मी धक्क्यावरच होतो. होड्या एकेक करून आत आल्या. दिवे मालवले. सगळे भले लोक, मला येऊन भेटले, घरी गेले. मला वाटलं, आता तो मोजण्यात राहिला नाही. मग मी दोन म्हणायला लागलो. निदान सकाळी एकदा कोणाच्या तरी कानावर पडावं, की दोन आहेत." त्याने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "आणि त्या दिवशी, रोवेना, इतक्या वर्षांनी कोणीतरी पुन्हा त्याला शोधत होतं. दिवा लावून. मी बघत बसलो. मला नको म्हणवेना. तुझं पोरगं आहे त्या होडीत, ते मला दिसत होतं. तरी म्हणवेना."

रोवेनाला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याचा हात धरावासा वाटला. तिने यातलं काहीच केलं नाही. उठून किटली ठेवली. कपाटातून दोन कप काढले आणि मग तिच्या लक्षात आलं की ते कोणते कप आहेत. पण तोवर चहा ओतून झाला होता, आणि क्लेमने एक कप जवळ ओढला.

त्यानंतर होडी पालथी पडली ती पडलीच. डॉट म्हणाली, "बरंच झालं. वय झालंय त्याचं. घरात सुखरूप आहे." फ्लिन म्हणाला, "त्याला एक म्हणायला काय जातं? एवढासा शब्द." रोवेनाला कळत होतं काय जातं ते. क्लेमला पाण्यात जायचं तर मुलाला स्वतःच्या तोंडाने खोडावं लागणार होतं, आणि तो तसं करणार नव्हता. तो त्यापेक्षा खिडकीशी बसून संपणार होता. परवा दुकानात तिने त्याला पाहिलं तर त्याच्या हातांना चिखल नव्हता. स्वच्छ, पांढरे पडलेले हात. तिला ते हात बघवले नाहीत.

आणि दुसरीही एक गोष्ट होती, जी तिने कोणाला सांगितली नव्हती. सकाळी रेडिओपाशी बसलं की त्या वेळेला, उजाडता उजाडता, खरखर व्हायची. नेहमीचीच, कोणाच्या तरी दूरच्या इंजिनाची. पण ती कान देऊन ऐकायची. मांडवांकडे बघायची. पाण्यावर धुकं असायचं आणि मांडवांच्या काठ्यांमध्ये एखादी होडी आहेसं वाटायचं. काठी उभी. माणूस चहा पीत बसलेला, पाठ इकडे. धुकं हललं की तिथे पाणकावळा असायचा किंवा नुसता खांब. मग दिवसभर तिला वाटत राहायचं की खाडीत कोणीतरी मागे राहून गेलंय आणि त्याला आणायला जाणारं एकच माणूस होतं, त्याला आम्ही घरी बसवलं.

आज सकाळीही तसंच झालं. पाळी संपल्यावर ती घरी गेली नाही. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाऊन तिने मऊ आमिषांचं एक पाकीट घेतलं. लालसर रंगाची होती, पण साध्या जातीची. ती चिवट जात दुकानदारालाही आठवत नव्हती. घरी येऊन, हात वाळूने घासून धुऊन, टेबलाशी बसली. पहिलं वाकडं गेलं. दुसरंही. फ्लिन हात गळ्यात अडकवून बघत उभा होता.

"आई, त्या गांडुळाने तुझं काय बिघडवलंय?"

"गप्प बस. उजेड अडवतोयस."

तिसऱ्याचं डोकं तिने दातांनी तोडलं. नखभर. प्लॅस्टिकची चव खारट आणि लसणासारखी होती. थुंकली. गळ बाजूला धरला, बाकापाशी नखाने खूण केली, नाकातून बरोब्बर मधून घेतला. ढकललं नाही. खुणेशी बाहेर काढून तिने ते खिडकीच्या उजेडाकडे धरलं. सरळ होतं. शेपूट तिच्या श्वासाने हलत होतं.

"हे डोकं का तोडलंस?" फ्लिनने विचारलं.

"असंच लावतात ते," ती म्हणाली. "एक जण लावायचा." मग तिने फोन जवळ ओढला. "उद्या सकाळी मी पाण्यात जाणार आहे."

"तू?" फ्लिन हसायला लागला आणि तिचं तोंड बघून थांबला. "आई, तुला धक्क्यावर उलटी होते."

"होऊ दे. मांडवांपर्यंतच जायचंय."

तिने मनाशी वाक्य जुळवून पाहिलं. क्लेम, उद्या मी येते तुझ्याबरोबर, दुसरी काठी मी धरते, तू दोन म्हण, खोटं होणार नाही. इथवर ठीक होतं. पण उद्या रेडिओवर ॲलिस्टर असणार. आणि क्लेम माईक तोंडाशी नेऊन, तिच्याकडे एकदा बघून, खाचेत उभ्या काठीकडे एकदा बघून म्हणाला, तीन, तर?

मग तिने ठरवलं की माईक आपल्या हातात असेल. आकडा तीच सांगेल, दोन, आणि तिसरं जे काही होडीत बसायचं असेल ते न मोजताच बसेल. लाइफ जॅकेट मात्र तिघांनाही पुरतील इतकी न्यावीत. आणि केळं न्यायचं नाही, होडीत केळं म्हणजे मासेमारांचा अपशकुन, आणलं तर क्लेम तिला अर्ध्या वाटेत उतरवेल.

तिने आमिष टेबलावर ठेवलं, शेपूट दुमडणार नाही असं, आणि क्लेमचा नंबर फिरवायला घेतला.